मोहफुलांखालचे दार

चांद्याच्या पुढच्या जंगलात जाऊन आलो म्हटले की लोक वाघ दिसला का, असे विचारतात. नाही दिसला. हिवताप झाला का, असे विचारतात. तोही नाही झाला. मग कशाला गेला होतात, असा प्रश्न येतो, आणि मोटार पाहायला गेलो होतो असे सांगितले की हसतात. हसणाऱ्यांसाठीच हे लिहायला बसलो आहे.

जुन्या मोटारी घ्यायच्या, उभ्या करायच्या आणि विकायच्या हा माझा धंदा. सुरुवात सीताबर्डीवर सायकलींची पंक्चरे काढण्यापासून झाली. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरे मी मोटारींच्या पाट्यांवरून शिकलो, त्यामुळे आजही काही अक्षरे मला पितळेचीच आठवतात. मुंबईचे मोकाशी याच धंद्यातले, पण त्यांचे वडील बॅरिस्टर होते आणि पाटलोण पांढरी असते. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक इटालियन कूपे आली होती, म्हणजे दोन दारांची, मागे उतरत गेलेल्या टपाची बैठी मोटार, युद्धाच्या आधीची. या मोटारीचे इंजिन आणि सांगाडा कारखान्याचा, पण अंगावरचा पत्रा बाहेरचे कारागीर हाताने ठोकून चढवत. त्यामुळे एकाच मोटारीच्या दोन बॉड्या निघाल्या. पहिली बॉडी मोजक्याच मोटारींना मिळाली. दुसरी पुष्कळ निघाली. मोकाशींनी माझी मोटार पाहिली, नाक मुरडले, "दुसरी आहे, भंगाराहून बरी," म्हणाले आणि घेऊन गेले. सहा महिन्यांनी मुंबईच्या एका प्रदर्शनात तीच मोटार दिसली. पुढे पाटी होती, 'पहिली बॉडी'. मोकाशींनी चारचौघांत माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "यांच्याकडूनच घेतली. यांना चाकं मोजता येतात."

तो हात अजून खांद्यावर आहे असे मला वाटते.

त्यानंतर मी शिकलो. मुंबईच्या गोदीत एक इटालियन मेकॅनिक दर महिन्याला जहाजाबरोबर यायचा. मी त्याला चिवड्याचे डबे द्यायचो, तो मला जुन्या छापील पुस्तकातली चित्रे समजावून द्यायचा. पहिल्या बॉडीला आत लाकडी फासळ्या आणि वर अल्युमिनियमचा पत्रा. दुसरीला सगळे लोखंड, फक्त टप अल्युमिनियमचा. पहिलीच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, म्हणून दार पुढून उघडते. दुसरीची दारे इतर मोटारींसारखी. पहिलीला मागे दोन लहान काचा आणि मधे पट्टी, दुसरीला एकच काच. आणि पहिलीच्या अंगावर पुढच्या दिव्यापासून शेपटीपर्यंत बोटभर उंचवट्याची एक रेघ, दारावरूनही सलग गेलेली. दुसरीला ती नाही.

यंदा कोल्हापूरच्या दादासाहेबांना पहिल्या बॉडीची मोटार हवी होती. हौशी लोकांत त्यांचा शब्द चालतो. अहेरीच्या बाजूला एका जंगल ठेकेदाराकडे अशी एक कूपे पडून आहे असे कळल्यावर मोकाशी पाहून आले आणि त्यांनी दादासाहेबांना लेखी कळवले, 'दुसरी बॉडी. घेण्यासारखी नाही.' दादासाहेबांनी माझे मत विचारले. मी मोटार पाहिलेली नव्हती. पण मोकाशींचे नाव वाचले आणि डोके फिरले. त्याच टपालाने कळवले, 'मोकाशी दुसरी म्हणतात ना, मग ती पहिलीच आहे.'

उलट टपाली उत्तर आले. 'जाऊन पाहा. दोघांपैकी ज्याचे खरे निघेल, त्याच्याच सल्ल्याने यापुढे मोटारी घेईन. दुसऱ्याचे पत्र उघडणार नाही.' मी पुन्हा चाके मोजणारा ठरणार होतो, किंवा मोकाशी ठरणार होते.

बल्लारपूर ते आष्टी

बल्लारपूर स्टेशनवर उतरलो की कागदाच्या गिरणीचा वास पहिल्यांदा भेटतो, माणसे नंतर. बांबू उतरवून परत निघालेल्या एका ट्रकमध्ये जागा मिळाली. ड्रायव्हर नांदेडचा. घाटाशिवायच्या सरळ रस्त्यावर तो दुसऱ्या गिअरमध्ये ट्रक रेटत होता. इंजिन ओरडत होते आणि मला ते ऐकवेना. दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा मी स्वतःच दांडा ओढला. त्याने ब्रेक दाबला, खाली उतरला, माझ्या बाजूचे दार उघडले आणि म्हणाला, "उतरा मालक. तुमचा गिअर तुमच्यापाशी ठेवा."

आष्टी तिथून चार कोस. चैत्रातले ऊन. डोक्यावर ट्रंक घेऊन चालताना मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत. पण चाललो म्हणून रस्ता दिसला. पानगळ झालेला साग दोन्ही बाजूंना काठ्यांसारखा उभा होता, आणि मधेच एखादे पळसाचे झाड लाल. झाडांखालची जागा झाडून ठेवलेली. एवढ्या रानात कोण झाडू मारते, असे वाटले. जवळ गेलो तर मोहाची झाडे होती. फुले पहाटे गळतात, ती वेचायला सोपे जावे म्हणून बुंध्याभोवतीची जमीन स्वच्छ करतात. प्रत्येक झाड कुणाचे ते ठरलेले असते, कुंपण नाही, पाटी नाही. आमच्याकडे पाटी लावूनही आंबे राहत नाहीत.

आष्टीला वैनगंगा वाळूत लपली होती. वाळूवर बांबूचे तट्टे अंथरून रस्ता केला होता. पलीकडे एका झोपडीत उकडा भात, तुरीचे वरण आणि लाल अंबाडीची चटणी मिळाली. तिसऱ्या वाढीला झोपडीतल्या बाई म्हणाल्या, "चालत आलेत वाटते." आलापल्लीपर्यंत एका बैलगाडीत झोपून गेलो. त्या गाडीवानाला मी काहीही शिकवले नाही.

अहेरीजवळचे गाव

ठेकेदाराचे नाव गणपतभाऊ. साठीचे, जाडजूड, कपाळावर बुक्का. मोटार त्यांना प्राणहितेपलीकडच्या एका जहागीरदाराकडून मिळाली होती. मुलीच्या लग्नात नवरदेवाची वरात तिच्यातून काढली, त्यानंतर ती गोदामात, सागाच्या फळ्यांमागे.

"कायले पाह्यता जी," गणपतभाऊ म्हणाले. "मुंबईवाले येऊन गेले. साधी हाय म्हणले."

"मी माझ्या डोळ्यांनी पाहतो."

"पाहा न. डोये तुमचे हायेत."

फळ्या बाजूला केल्या आणि माझा धीर सुटला. दारांच्या बिजागऱ्या पुढे. मागे एकच काच. लोहचुंबक दाराला लावला, तो टक्कन चिकटला. दारावर रेघ नव्हती, पत्रा सपाट. मडगार्डांवर वाळलेल्या मातीचा जाड थर होता, तिथे चुंबक काही सांगेना. टपाला चुंबक चिकटला नाही, पण टप दुसऱ्या बॉडीचाही अल्युमिनियमचाच असतो. म्हणजे मोकाशींचे बरोबर होते. मी गोदामाबाहेर येऊन दगडावर बसलो. कोल्हापूरला काय लिहायचे त्याचे शब्दही मनात आले, आणि त्या शब्दांच्या रागानेच पुन्हा उठलो.

या वेळी सदरा काढला आणि पाठीवर झोपून मोटारीखाली सरकलो. दाराच्या मागचा खांब आतून लाकडी होता. लोखंडी नव्हे, लाकडी! पण नख लावले तर ते सागाचे निघाले. इटलीत साग कुठला?

"गणपतभाऊ," मी खालूनच ओरडलो, "हा खांब कुणी बदलला?"

"पोचूनं. आमचा वाढई. उधई लागली होती." वाढई म्हणजे सुतार, उधई म्हणजे वाळवी.

"आणि दारं?"

"ते भी त्याईनंच. जुनी दारं उलटी होती जी. समोरून उघडे. वरातीत दार उघडून बैलगाडीले लागलं, व्याह्याचा हात मोडता मोडता वाचला. मी म्हटलं, पोचू, चार मानसाच्या मोटारीले असते तसं दार कर. मंग त्याईनं डांबराच्या पिपाचा पत्रा ठोकून नवी केली."

"मागची काच?"

"दोन होत्या. वांदरानं फोडल्या. मंग मधली पट्टी काढून एकच लावली."

मी बाहेर आलो. तोंडात माती होती. "मोकाशींनी हे विचारलं नाही?"

"त्याईनं काही नाई इचारलं. खाली भी नाई गेले. कपडे पांढरे होते."

तीन वर्षे मी समजत होतो की मोकाशी ओळखतात आणि खोटे बोलतात. या वेळी ते खोटे बोललेच नव्हते. त्यांना कळलेच नव्हते. मी मोठ्याने हसलो, तेव्हा गणपतभाऊंनी माझ्यासाठी पाणी मागवले.

पण माझे समाधान होऊन भागणार नव्हते. सागाचा खांब आणि वांदराची गोष्ट दादासाहेबांपुढे काय टिकणार? जुने दार हवे होते. इटलीचे ते कारागीर प्रत्येक दार त्याच्या मोटारीला घासून बसवत आणि आतल्या फासळीवर मोटारीचा आकडा ठोकत. एका मोटारीचे दार दुसरीला बसत नाही.

चिन्नूबाईंचे अंगण

पोचूभाऊ वाढई वाळक्या अंगाचे, कानाला पेन्सिल. जुनी दारे म्हटल्यावर त्यांनी डोके खाजवले. "एक तं पुरात गेलं. नाल्यावर फळी म्हणून टाकलं होतं. दुसरं..." आणि त्यांनी घरामागे बोट दाखवले. "दुसरं आमच्या बाईपाशी हाय."

अंगणात चार दगडांवर ते उताणे ठेवले होते. आतल्या बाजूचा खोलगटपणा, कडेला फासळ्यांची चौकट, आणि त्यात काठोकाठ मोहफुले, पिवळी आणि ओली. वासाने डोके जड होत होते. मी वाकून खालून हात फिरवला. बोटाला रेघ लागली. पुढून मागे, सलग, बोटभर उंचवट्याची.

शेजारी चिन्नूबाई बसल्या होत्या, पोचूभाऊंच्या कारभारीण, हातात काडी, फुले उलटीपालटी करत. मी चेहरा कोरा ठेवला. पंचवीस वर्षांची सवय आहे.

"बाई, हा पत्रा द्यायचा का?"

"नाई."

"पैसे देतो."

"पैशावर मोह वाळते का?"

"लोखंडाचा नवा, मोठा पत्रा आणून देतो."

"लोखंडावर मोह काळा पडते. याच्यावर नाई पडत. इथी साऱ्या गावात असा पत्रा नाई."

मी भाव वाढवला. त्या काडी फिरवत राहिल्या. पुन्हा वाढवला. "तुमी काऊन एवढे घाबरून राह्यले जी?" त्या म्हणाल्या. "पत्राच हाय न?"

माझा पारा चढला. एका पत्र्यासाठी मी, ज्याने दिल्लीच्या दलालांना रडवले, एका अंगणात उभा राहून गयावया करत होतो. "ठेवा तुमच्याकडेच!" म्हणालो आणि तडक निघालो. हा रागही होता आणि डावही. आमच्या बाजारात गिऱ्हाईक उठून चालू लागले की दहा पावलांवर हाक येते. वीस पावलांवर पडेल किमतीला माल मिळतो. माझा सगळा धंदा त्या हाकेवर उभा आहे.

दहा पावले झाली. वीस झाली. गाव संपले. नाला आला. मी एका ऐनाच्या झाडाआड उभा राहून वाट पाहिली. एक मुंगूस आले, माझ्याकडे पाहून गेले. हाक आली नाही. अर्ध्या तासाने मी परत अंगणात.

"पाणी पेऊन आलेत का?" चिन्नूबाईंनी विचारले. त्यांच्या मनात खरेच दुसरे काही नव्हते.

पोचूभाऊ मात्र ओळखून हसले. "आमच्या इकडं जानाऱ्या मानसाले हाक नाई मारत जी. मानूस सोताच्या मर्जीनं जाते, त्याले आडवं कायले जाव? ते मुंबईवाले भी असेच गणपतभाऊकडून उठून गेले होते. भाव पटला नाई म्हणून. मंग आलापल्लीले तीन रोज बसून राह्यले म्हणे. आमाले वाटलं, हवा खाऊन राह्यले."

मोकाशी तीन दिवस हाकेची वाट पाहत बसले होते! म्हणजे दुसरी बॉडी समजूनही त्यांना ती स्वस्तात हवी होती, आणि मिळाली नाही म्हणून 'घेण्यासारखी नाही' असे लिहून टाकले. मी चिन्नूबाईंसमोर जमिनीवर मांडी घालून बसलो.

"बाई, मी आता उठत नाही. तुम्हीच सांगा काय पाहिजे."

"असं बोला न." त्यांनी काडी खाली ठेवली. "याच धातूच्या तीन परात्या. मोठ्या. बाजारातून मी निवडीन. आन् हा मोह वाळल्याबिगर पत्रा हालवाचा नाई. वाळाले दोन रोज लागते. तवरीक मले पहाटे वेचाले जा लागते, तं राखण तुमी कराची."

दोन दिवस मी राखण केली. देशातल्या सगळ्यात महाग मोटारदारावर मोहफुले वाळत होती आणि मी हातात काठी घेऊन गाई, बकऱ्या आणि वांदरे हाकलत होतो. पहिल्या दिवशी एका गाईने मला फसवून कोपरा खाल्ला. चिन्नूबाईंनी तेवढ्या जागेकडे पाहिले आणि माझ्या जेवणातली एक भाकर कमी केली. तांदळाची भाकर, सोबत मोह आणि जवस कुटून केलेले लाडू. गोड, किंचित तुरट, पोटात आगगाडीच्या कोळशासारखे टिकतात. बाजाराच्या दिवशी अहेरीला गेलो. त्यांनी सात पराती वाजवून पाहिल्या आणि तीन घेतल्या. दुकानदाराशी भाव करायला मी पुढे झालो तर म्हणाल्या, "तुमी राहू द्या. तुमाले चालत जाची सवय हाय."

गोदामात

तिसऱ्या दिवशी दार रिकामे झाले. पोचूभाऊ आणि मी ते पाण्याने धुतले, मोटारीवरची मातीही उतरवली. आतली फासळी घासल्यावर ठोकलेला आकडा वर आला. पोचूभाऊंनी एकेक अंक बोटाने चाचपून म्हटला, मी बॉनेटखालच्या पाटीवर तोच वाचला. दोघांचा एकही अंक चुकला नाही.

मग त्यांनी त्या बाजूचे आपले पिपाच्या पत्र्याचे दार उतरवले. "आपलंच काम आपुनच काढून राह्यलो," एवढेच म्हणाले. मी जुने दार उचलून जागेवर धरले. पोचूभाऊंनी खालून गुडघ्याने रेटले. दार सरकले, कुरकुरले आणि बसले.

आणि रेघ जुळली.

पुढच्या मडगार्डावर मातीखाली आधी मला जी दिसलीही नव्हती, ती दारावरून निघून मागच्या चाकावर चढली आणि शेपटीपर्यंत गेली, कुणी एका दमात ओढावी तशी. गोदामात आठ-दहा माणसे जमली होती. मोटारीतले कुणालाच काही कळत नव्हते, पण सगळे वाकून ती रेघ पाहू लागले. पोचूभाऊ मागे सरकले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "आरं! असं होय हे."

तेवढ्यात गणपतभाऊंनी विचारले, "मंग? कोनती निंगली?"

त्यांना मोकाशींनी साधी म्हणून सांगितले होते. मी 'साधीच' म्हटले असते तर मोटार भंगाराच्या भावात माझी झाली असती. ओठावर आलेही होते. पंचवीस वर्षांची सवय खोटी नसते. पण मला प्रदर्शनातला तो हात खांद्यावर जाणवला, आणि तो हात मी गणपतभाऊंच्या खांद्यावर ठेवू शकलो नाही.

"पहिली," मी म्हणालो. "अशा फार थोड्या आहेत."

गणपतभाऊंचा भाव तिथल्या तिथे दुप्पट झाला. मी भडकलो, त्यांचे गोदाम, वांदर, व्याही सगळे काढले. ते ऐकत राहिले. पण मी उठलो नाही. दुपारभर बसलो, दोनदा चहा झाला, आणि शेवटी जो भाव ठरला तो दोघांनाही थोडा टोचला. म्हणजे योग्य होता. निघताना पोचूभाऊंनी पिपाचे दार मागून घेतले. नाल्यावर फळी नव्हती.

नागपूर

मोटार बैलांनी नदीपर्यंत, तट्ट्यांवरून माणसांनी, आणि पुढे रेल्वेच्या वाघिणीतून आली. मी दादासाहेबांना तार केली. ते स्वतः आले, आणि मोकाशींना बरोबर घेऊन आले. मोकाशींनी वीस मिनिटे मोटार पाहिली. या वेळी खाली वाकले, फासळीवरचा आकडा वाचला, पाटी वाचली, रेघेवरून बोट पुढून मागे नेले.

"दार कुठं मिळालं?"

"एका बाईंच्या अंगणात. दोन दिवस राखण केली."

त्यांनी बोटाची धूळ रुमालाला पुसली. मग दादासाहेबांकडे वळून म्हणाले, "पहिलीच आहे. मी पाहिलं नाही." एवढे बोलायला हिंमत लागते, ते मी मान्य करतो. पण त्या दिवशी मान्य केले नाही.

दादासाहेबांनी खिशातून मोकाशींचे पत्र काढले आणि त्यांच्या हातात परत दिले. मला म्हणाले, "आणखी दोन ठिकाणच्या मोटारी ऐकून आहे. तुम्ही पाहून या. तुम्ही म्हणाल तसं."

त्यांना गाडीत बसवून मी स्टेशनबाहेर आलो. नेहमीच्या टांगेवाल्याने सीताबर्डीचा भाव सांगितला, माझा चेहरा पाहून नेहमीपेक्षा जास्तच सांगितला, आणि घासाघीस करायला कंबर कसून उभा राहिला. मी टांग्यात चढून बसलो.

"चल," म्हणालो.

तो लगाम हातात धरून तसाच उभा. "साहेब," थोड्या वेळाने काळजीने म्हणाला, "तब्येत बरी आहे न तुमची?"